मारेकरी पोरं वाढवतं कोण?

गिरणगावातल्या पोराच्या हातात घोडा येतो कसा, या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या सिनेमाने आणि आपण प्रेक्षकांनीही फार लवकर मान्य करून टाकलं आहे: संप. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. बाप घरी बसला, आईने खानावळीचे डबे वाढवले, पोरगा नाक्यावर गेला, नाक्यावरून टोळीत गेला. ही साखळी आपल्याला इतकी तोंडपाठ झाली आहे की तिच्यातला एक दुवा गळालेला आहे हे लक्षातही येत नाही. नाक्यापासून टोळीपर्यंत पोर आपोआप चालत जात नाही. त्याला कुणीतरी हाक मारतं, शेजारी बसवून चहा पाजतं, नावाने ओळखतं, खिशात नोटा कोंबतं, आणि केव्हातरी सांगतं की तो अमुक माणूस उडवायचा आहे. हे सांगणारा मोठा माणूस कोण? गेल्या चार दशकांतली नाटकं, सिनेमे आणि कथा या एका प्रश्नातून पाहिल्या तर त्यांची उतरंड बदलते. गाजलेल्या काही कलाकृती थिट्या वाटू लागतात आणि एका नाटकाची उंची वाढते, असं माझं म्हणणं आहे.

हा प्रश्न स्वच्छ मांडणारा एक सिनेमा मुंबईपासून फार दूरचा आहे. एरियल क्लेमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा ‘पार्टिझन’ २०१५ साली आला. कोलंबियातल्या बाल-मारेकऱ्यांविषयीच्या एका वृत्तपत्रीय लेखातून त्याला ही कल्पना सुचली होती, पण सिनेमातला देश निनावी आहे. भिंतींच्या आत एक वस्ती. तिथे टाकून दिलेल्या बायका, त्यांची मुलं, आणि ग्रेगोरी नावाचा एकच पुरुष. व्हॅन्सान कासेलने तो रंगवला आहे. ग्रेगोरी मुलांना शिकवतो, त्यांच्यासोबत भाजीपाला पिकवतो, संध्याकाळी गाणी म्हणायला लावतो, आणि मधूनमधून एखाद्याला बाहेर पाठवून माणूस मारून यायला सांगतो. अकरा वर्षांचा अलेक्झांडर हे काम बिनबोभाट करतो, कारण त्याला ते वाईट आहे असं कधी कुणी सांगितलेलंच नाही. या सिनेमाचे अर्थ बरेच लावले गेले. कुणी त्यात हुकूमशाहीचं रूपक पाहिलं, कुणी बुवाबाजीचं, कुणी बापपणाच्या अहंकाराचं. सगळे अर्थ बसतात. पण सिनेमात नीट पाहिलं तर बंदुकीला फार थोडा वेळ दिलेला आहे. बहुतेक वेळ जातो तो जेवणावर, शाबासकीवर, वाढदिवसासारख्या आनंदावर. पोराला अन्न कोण देतं, जगाचा अर्थ कोण समजावून सांगतं, आणि बाहेर पडायचं दार कुणाच्या ताब्यात आहे, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात आल्या की मारेकरी तयार करायला क्रौर्य लागत नाही, माया पुरते. लिओ नावाचा नवा मुलगा जेव्हा उलट प्रश्न विचारू लागतो, तेव्हा ग्रेगोरीची सत्ता पहिल्यांदा हलते. वस्तीत दुसरा अर्थ शिरलेला असतो.

आता हे गिरणगावात आणून पाहिलं तर पहिल्याच पायरीला अडतं. लालबाग-परळची चाळ ही अशा बंदिस्त वस्तीच्या अगदी उलट टोकाची जागा. दहा बाय बाराची खोली, दिवसभर उघडं दार, समोर सामायिक गॅलरी, टोकाला नळ आणि मोरी. कुणाचं पोर कुठे आहे हे आईच्या आधी शेजारणीला ठाऊक. एकेका खोलीत गावाकडचे पाळीपाळीने झोपणारे कामगार, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, गावकीचे गाळे, भजनी मंडळं, हुतुतूचे संघ, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळं. गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, लालबागच्या राजाचा १९३४ पासूनचा. ना. म. जोशींनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळमध्ये रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. दामोदर हॉलच्या रंगमंचावर कामगारांनी स्वतःची नाटकं केली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून त्यांचा शंभर वर्षांचा इतिहास नोंदवून २००४ साली पुस्तकरूपाने आणला, त्यात हे सगळं जग माणसांच्या आवाजात ऐकायला मिळतं. अशा ठिकाणी पोराला समजावून सांगणारे एकाच वेळी दहाजण असतात: युनियनचा कार्यकर्ता, रात्रशाळेचा मास्तर, आखाड्यातला वस्ताद, माळकरी आजोबा, लाल बावट्यावाला काका. ग्रेगोरीला इथे जागाच नाही.

हे चित्र गोड करायचा मोह मात्र टाळला पाहिजे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या गिरणगावाचा जो अभ्यास केला, त्यात दादा आहे आणि चांगला ठळक आहे. संपात फुटीरांना अडवायला, दंग्यात गल्ली राखायला, भाडं थकलेल्याला बाहेर काढायला किंवा बाहेर काढू न द्यायला दादा लागत असे, आणि व्यायामशाळा ही त्याची बैठक असे. म्हणजे मारामारीची शाळा याच उघड्या जगात होती. फरक असा की त्या दादाला गल्लीची गरज होती. जॉबर, युनियन, मंडळ, घरमालक या सगळ्यांच्या ओढाताणीत त्याचं वजन ठरत होतं, आणि गल्लीने पाठ फिरवली की तो संपत होता. पोरांवरचा त्याचा हक्क एकट्याचा नव्हता.

म्हणूनच तारखा पाहिल्या की संपाचं उत्तर डळमळू लागतं. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून ५ जून १९७० रोजी झाला, संपाच्या साडेअकरा वर्षं आधी. राजकीय खुनात तरुण पोरं वापरता येतात, हे गिरणगावाने तेव्हाच पाहिलं. भायखळ्यातली रामा नाईक, बाबू रेशीम आणि अरुण गवळी यांची टोळी सत्तरीच्या दशकातच उभी राहू लागली होती. मन्या सुर्वे तर दादरच्या कीर्ती कॉलेजचा पदवीधर. वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला ती तारीख ११ जानेवारी १९८२, संप सुरू व्हायच्या बरोबर एक आठवडा आधी. अडीच लाख कामगारांच्या घरांतली बहुसंख्य मुलं संपानंतरही टोळीत गेली नाहीत. ती कुरिअर कंपनीत गेली, सिक्युरिटी गार्ड झाली, वडापावच्या गाड्या लावल्या, डोंबिवली-विरारला राहायला गेली आणि लोकलच्या गर्दीत दिसेनाशी झाली. भूक सगळ्यांना सारखी होती. मग थोडेच का गेले? या ‘थोडेच का’ला संप हे उत्तर देऊ शकत नाही.

जयंत पवार यांनी हे १९९७ सालीच ओळखलं होतं. ‘अधांतर’ नाटकातलं धुरी कुटुंब एका खोलीत राहतं. घर ओढणारी आई, आणि बाबा, मोहन, नरू हे तीन भाऊ व मंजू ही बहीण. बाबा लेखक होण्याच्या नादात, मोहन क्रिकेटच्या, आणि नरू टोळीकडे खेचला जातो. एकच खोली, एकच संप, एकच आई, वाटा चार. नाटकाची रचनाच ‘परिस्थितीने गुन्हेगार बनवला’ या सोप्या समीकरणाला नकार देते. नरूला घरात जे मिळत नाही ते बाहेर कुणीतरी देत असतं: किंमत. घरात तो निकामी पोरगा असतो. बाहेर त्याच्या नावाला वजन असतं. आणि घरातल्या मोठ्यांपाशी त्याला सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं, कारण संपाने पगारासोबत त्यांचा शब्दही नेलेला असतो. संपाचा खरा परिणाम इथे दिसतो, आणि तो सिनेमाने पकडला त्यापेक्षा खोल आहे. संपाने मारेकरी जन्माला घातले नाहीत. पोराला जग समजावून सांगणाऱ्या दहा माणसांपैकी नऊजणांची वाचा त्याने घालवली. युनियन हरली, मास्तरची रात्रशाळा ओस पडली, वस्ताद गावी निघून गेला, बाप गप्प झाला. दहावा बोलत राहिला, आणि तो भाई होता. भिंत न बांधताच वस्ती बंदिस्त झाली.

याच नाटकावरून महेश मांजरेकर यांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ केला, हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’. खोलीतून बाहेर पडून सिनेमा गिरणीमालकाच्या घरात शिरला, जमिनीच्या सौद्यापर्यंत गेला, आणि हे त्याचं श्रेय मोठं आहे. नाटकात जे ऐकू येत होतं ते इथे डोळ्यांसमोर आलं. सिद्धार्थ जाधवने केलेला, अडखळत बोलणारा स्पीडब्रेकर हा या सिनेमाचा ठेवा आहे. ज्याचं वाक्य कुणी पुरतं ऐकून घेत नाही असा पोरगा हिंसेत आपली भाषा शोधतो, हे त्या भूमिकेत व्याख्यान न देता येतं. पण वेग वाढला तसा नरूच्या घडण्याचा मधला काळ आकसला. तो आज घरात भांडतो आणि उद्या हत्यार चालवतो. मधले महिने, ज्यात त्याला कुणी तरी सांभाळलं, जोखलं, शिकवलं, ते पडद्यावर फारसे येत नाहीत. ज्या सिनेमाने मालकाला नेमकं ओळखलं, तो पोसणाऱ्यापाशी आला आणि घाईत निघून गेला.

हिंदीत थोडं मागे गेलं तर ‘परिंदा’ या बाबतीत अधिक जाणता वाटतो. विधु विनोद चोप्रांच्या १९८९ च्या या सिनेमात किशन हा रस्त्यावर वाढलेला अनाथ पोर. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी तो अण्णाच्या टोळीत राहतो. नाना पाटेकरांचा अण्णा हा पोसणारा आहे आणि सिनेमा त्याच्यावरून नजर हटवत नाही. त्याच्या भयापर्यंत, त्याच्या घरातल्या राखेपर्यंत जातो. ‘सत्या’ने १९९८ साली उलटा मार्ग घेतला: नायकाला भूतकाळच नाही, मुंबईत उतरलेला कोरा माणूस. तो सिनेमा थोर आहे, पण आपल्या प्रश्नाचं त्याच्यापाशी काही नाही. ‘वास्तव’मधला चाळीतला रघू १९९९ साली पावभाजीच्या गाडीवर झालेल्या भांडणात अपघाताने खून करतो, पुढे त्याला आसरा देणारा एक आणि वापरून फेकणारा मंत्री दुसरा, दोघेही दिसतात. शेवट मात्र आईच्या हातात पिस्तूल देतो. त्या प्रसंगाने थिएटरं सुन्न झाली होती, आणि तो प्रसंग मला आजही खटकतो. ज्यांनी रघूला वापरलं त्यांचा हिशोब आईने मुलाला मारून कसा मिटतो? पोराला वाढवण्याची सगळी जबाबदारी पुन्हा घरावर, त्यातही बाईवर, येऊन पडते.

बंदिस्त वस्तीचा विषय निघाला की मुंबईत बोट भायखळ्याच्या दगडी चाळीकडे वळतं. पहाऱ्याचं फाटक, आत नवरात्राचा झगमगाट, आणि सगळे ज्याला ‘डॅडी’ म्हणतात असा एक माणूस: ‘पार्टिझन’च्या जवळ जाणारं दृश्य शोधायचं तर हेच. इथे जपून बोलायला हवं. चाळीत राहणारी बहुतेक कुटुंबं साधी, कष्टाची होती, आणि तिथे मुलांना मारेकरी म्हणून वाढवलं जात होतं असं म्हणायला आधार नाही. अरुण गवळी यांचा सार्वजनिक प्रवास सगळ्यांसमोर आहे: १९९७ मध्ये अखिल भारतीय सेना, २००४ मध्ये चिंचपोकळीची आमदारकी, नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ च्या खुनाबद्दल २०१२ मध्ये जन्मठेप, आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या तुरुंगातून सुटका. सिनेमाने या वस्तीकडे दोन तऱ्हांनी पाहिलं. २०१५ च्या मराठी ‘दगडी चाळ’मध्ये मकरंद देशपांडेंचा डॅडी शांत, मृदू, जवळजवळ संत वाटावा असा आहे, आणि अंकुश चौधरीचा सूर्या त्याच्या मायेच्या वर्तुळात ओढला जातो. माया हेच दार असतं हे या सिनेमाला अचूक समजलं होतं. पण समजल्यावर तो स्वतःच त्या मायेच्या आहारी गेला. प्रेक्षक डॅडीला घाबरून बाहेर पडत नाही, त्याच्या पायाशी बसून बाहेर पडतो. आशिम अहलुवालिया यांचा २०१७ चा ‘डॅडी’ मात्र एकाच माणसाची हकीकत अनेकांच्या तोंडून सांगतो, आणि त्यामुळे त्या माणसाचा स्वतःविषयीचा अर्थ शेवटचा ठरत नाही. ‘पार्टिझन’मध्ये लिओ जे करतो ते इथे सिनेमाची मांडणी करते. धंद्यात मागे पडलेला हा सिनेमा या यादीत म्हणून वर ठेवावा लागतो.

मुलांचा प्रश्न सर्वात उघडपणे घेतला तो पुन्हा जयंत पवारांच्याच कथेवरून आलेल्या सिनेमाने. ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’ १४ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. पवार तो पाहायला नव्हते, ऑगस्ट २०२१ मध्ये ते गेले. दिग्या आणि इलियास ही गिरणगावातली दोन किशोरवयीन पोरं त्याच्या मध्यभागी आहेत. दिग्याचा बाप गुंड होता आणि मारला गेला. बाप नाही, बापाची दंतकथा आहे, आणि पोर त्या दंतकथेच्या मापाने स्वतःला मोजत वाढतं. माझ्या मते या विषयातली ही सर्वात महत्त्वाची सूचना आहे. ‘पार्टिझन’मध्ये भिंत दगडाची; इथे ती कहाणीची. तुझा बाप असा होता, त्याने अमक्याला असा उडवला, त्याच्यासमोर कुणी मान वर करत नव्हतं, हे पोराला सांगणारं तोंड मोठ्या माणसांचं असतं. त्यांनी स्वतः कधी चाकू उचललेला नसेल. ओट्यावर बसून रंगवून सांगितलेली खुनाची हकीकत ही शिकवणीच आहे, आणि ती फुकट, रोज, सगळ्यांदेखत चालते.

दुर्दैवाने सिनेमाची चर्चा या मुद्द्यापर्यंत पोचलीच नाही. ट्रेलरमधल्या, अल्पवयीन मुलगा असलेल्या लैंगिक दृश्यांवर राष्ट्रीय महिला आयोगाने आक्षेप घेतला, दृश्यं काढली गेली, पुढे पॉक्सो कायद्याखाली मुंबईत गुन्हाही नोंदवला गेला. बालकलाकाराकडून काय करून घेतलं जातं हा प्रश्न खरा आहे आणि तो विषयाच्या गांभीर्याने झाकता येत नाही; मुलांच्या वापराविषयी बोलणाऱ्या कलाकृतीने तरी तो सर्वात आधी स्वतःला विचारायला हवा. शिवाय सिनेमा जागोजागी हिंसेत रमतो. धक्का देण्याच्या हौसेत तो त्या ओट्यावरच्या सांगणाऱ्यांपैकीच एक होऊन बसतो. पण विषयच नको, ही जी दुसरी ओरड झाली ती जुनी आहे. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर १९६५ नंतर आचार्य अत्र्यांनी अश्लीलतेचा आसूड ओढला होता. नाक्यावरची पोरं काय बोलतात यावर महाराष्ट्र भांडला. ती नाक्यावर का उभी आहेत, यावर फारसं बोलणं झालं नाही. २०२२ मध्येही तसंच झालं.

या मांडणीवर पहिला आक्षेप उभा राहील तो डाव्या बाजूने, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. पोसणाऱ्या भाईकडे बोट दाखवलं की गिरणीमालक आणि सरकार सुटतात, गुन्हा व्यवस्थेचा न राहता एका खलनायकाचा होतो. आक्षेप सबळ आहे, पण पोसणाऱ्यांच्या यादीत भाई एकटा असतो असं मानलं तरच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांची जमीन मालक, महापालिका आणि म्हाडा यांच्यात वाटून देण्याचं ठरवलं; २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरवली; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जमिनीला सोन्याचा भाव येत होता त्याच वर्षांत, ७ मे १९९४ रोजी, गिरणीमालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात खून झाला. जमिनीच्या व्यवहारांत टोळ्या किती आत शिरल्या आहेत, हे त्यानंतर झाकून राहिलं नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत खुद्द सामंतांना गोळ्या घातल्या गेल्या. सुपारीचे पैसे कुठून तरी येतात. ते ओट्यावर पिकत नाहीत. पोराला चहा पाजणाऱ्या माणसामागे त्या चहाचे पैसे देणारा दुसरा माणूस असतो, आणि त्याच्यामागे सही करणारा तिसरा. ‘परिस्थिती’ हा शब्द या तिघांनाही सोयीचा आहे, कारण परिस्थितीवर आरोपपत्र दाखल करता येत नाही. पोसणारा शोधायचा तो व्यवस्थेला नावगाव मिळावं म्हणून.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. ‘ही वस्तीच पोरांना गुन्हेगार म्हणून वाढवते’ हे वाक्य या मातीत भयंकर वापरलं गेलं आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला तो याच समजुतीवर. महाराष्ट्रात पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मजात शिक्का बसला, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली, आणि कायदा १९५२ मध्ये गेला तरी पोलिसांच्या वह्यांतून संशय गेला नाही. मग बंदिस्त वस्तीत मारेकरी वाढतात अशी कहाणी सांगणं म्हणजे तोच शिक्का पुन्हा उगाळणं नाही का? उत्तर लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त आहे. १९८७ साली आलेल्या या आत्मकथनात मुलांना खिसे कापायला कसं शिकवतात, पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरचेच त्यांना कसं झोडपतात, हे आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. बाहेरच्याने ते लिहिलं असतं तर शिक्काच ठरला असता. गायकवाड आतून लिहितात आणि दोन गोष्टी सोबत ठेवतात: वस्तीला बाहेरच्या जगाने दुसरी वाट ठेवली नव्हती, आणि वडिलांनी वस्तीचा विरोध पत्करून आपल्याला शाळेत घातलं. एका मोठ्या माणसाने दार उघडलं आणि एक पोर वेगळं वाढलं. रक्ताचा सिद्धान्त तिथेच मोडतो. कुंपण बांधणारा आणि दार उघडणारा, दोघेही दिसले की कहाणी शिक्का मारत नाही.

कायदाही हळूहळू याच दिशेला आला आहे, निदान कागदावर. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर जो संताप उसळला, त्यातून आलेल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. त्यावर वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती. त्याच कायद्याच्या ८३ व्या कलमात मुलांना बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे, हे मात्र क्वचित कुणी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ९५ वं कलम आणखी पुढे जातं: मुलाला गुन्ह्यासाठी भाड्याने घेणाऱ्याला किमान तीन, कमाल दहा वर्षं, आणि तो गुन्हा घडला तर शिक्षा जणू त्यानेच तो केला अशी. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये सुपारीबाज पोरं वापरात आली त्यामागे, मुलाला शिक्षा कमी होते हा थंड हिशोब होता. तिथल्या व्हिक्टर गाविरियाने १९९० च्या आपल्या सिनेमात खऱ्याच रस्त्यावरच्या मुलांना घेतलं. त्यांतली बरीचशी पुढे थोड्याच वर्षांत हिंसेत मेली. तो हिशोब करणारा माणूस आपल्या सिनेमात अजून तरी दुय्यम पात्र आहे. त्याला दोन प्रसंग, एक दमदार संवाद आणि मागून येणारं संगीत मिळतं.

सिनेमाला समाजशास्त्राच्या तराजूत तोलू नये, असं कुणी म्हणेल. तोलू नयेच. पण इथे दोष कलेच्याच अंगाने लागतो. ‘पार्टिझन’चा शेवट अंगावर येतो, तान्ह्या भावाला जवळ घेऊन अलेक्झांडर ग्रेगोरीवर पिस्तूल रोखतो तेव्हा; कारण तोवर आपण दीड तास ग्रेगोरीची माया पाहिलेली असते आणि तिच्यात थोडे गुंतलेलोही असतो. पोसणाऱ्याला पुरेसा वेळ दिल्याशिवाय त्याच्याविरुद्धचं बंड नाट्य होत नाही, नुसता गोळीबार होतो. आपल्या बहुतेक सिनेमांत पोरं मरतात तेव्हा हळहळ वाटते, पण प्रश्न पडत नाही, याचं कारण हेच.

या सगळ्या यादीत मी ‘अधांतर’ सर्वांत वर ठेवतो. त्यात एकही खून रंगवून दाखवण्याची गरज पडली नाही, आणि एका खोलीतल्या चार भावंडांच्या चार वाटांतून ‘थोडेच का’ हा प्रश्न त्याने अठ्ठावीसेक वर्षांपूर्वी अचूक विचारून ठेवला. ज्या गल्ल्यांतलं ते नाटक आहे तिथे आता पन्नास-साठ मजली इमारती आहेत आणि त्यांच्या सावलीत उरलेल्या चाळींमध्ये पोरं अजून वाढत आहेत. आपल्या नाट्यसंस्थांनी ते नाटक पुन्हा उभं करावं, आणि पहिले प्रयोग परळ-लालबागमध्येच, त्या वयाच्या पोरांना समोर बसवून करावेत.